बिदरीचा काळा रंग

बिदरी कामाविषयी लिहिणाऱ्यांचे लक्ष आजवर मुख्यत्वे त्याच्या उगमाकडे लागलेले दिसते. बहमनी सुलतानांच्या आश्रयाने ही कला इराणातून बिदरला आली, अशी परंपरा आहे. परंतु कालनिश्चिती करता येईल अशा जुन्या वस्तू बहुधा सतराव्या शतकातील असल्यामुळे हा वाद निर्णायक पुराव्यावाचून चालू राहतो. त्यात शिरण्याचा येथे विचार नाही. या वस्तूंना दुसराही एक इतिहास आहे, तो पदार्थांचा. शाळेतील रसायन व जीवशास्त्र या विषयांतील काही मूलभूत कल्पना त्यात प्रत्यक्ष नांदताना दिसतात, आणि तरीही बिदरच्या विद्यार्थ्याच्या कानी बहुधा एवढेच पडते की, किल्ल्याच्या मातीत काही अद्‌भुत गुण आहे.

बिदरीचा मूळ धातू जस्त होय. त्यात तांब्याचा अंश थोडा; कारागीर सोळा भाग जस्तास एक भाग तांबे असे प्रमाण सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारच्या चाकरीतील बेंजामिन हाइने याने बिदरच्या कामाचे वर्णन लिहिले. त्यात शिसे व कथील यांचाही उल्लेख आहे. जस्त हा मोठा अवघड धातू. ४१९ अंशांवर तो वितळतो आणि ९०७ अंशांवर त्याची वाफ होते; खनिजापासून तो वेगळा करण्यास याहूनही अधिक उष्णता लागते, म्हणून भट्टीत तो वाफरूपानेच सुटतो व हवा लागताच पुन्हा जळून जातो. ही वाफ बंद पात्रात उतरवून थंड करण्याची युक्ती राजस्थानात जावर येथे मध्ययुगातच साधली होती. तेथील मुशींच्या भट्ट्या १९८३ साली उत्खननात उजेडात आल्या. इंग्लंडात विल्यम चँपियन याला अशा कृतीची सनद मिळाली ती १७३८ साली. धातुरूप जस्त या देशात पूर्वीपासून मिळत होते, म्हणूनच बिदरीसारखी कला येथे संभवली.

ओतलेली वस्तू कानशीने घासून गुळगुळीत केल्यावर कारागीर तिच्यावर मोरचुदाचे द्रावण चोळतो. रुपेरी पृष्ठभाग तत्काळ काळवंडतो, आणि त्यावर टोकदार सळईने रेखलेली नक्षी पांढरी उठून दिसते. विज्ञानाच्या पुस्तकात ‘विस्थापन’ या नावाने जो प्रयोग असतो, तो हाच. जस्त तांब्याहून अधिक क्रियाशील असल्यामुळे ते स्वतः द्रावणात उतरते आणि द्रावणातील तांब्याला बाहेर काढते. अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बसलेले ते तांबे तांबूस न दिसता काळे दिसते. परीक्षानळीत जस्ताचा तुकडा टाकून निळा रंग फिका होताना दाखविणारा शिक्षक आणि चौबाऱ्याजवळच्या गल्लीतील कारागीर एकच गोष्ट करीत असतात. फरक इतकाच की, कारागिराला तिचा उपयोग असतो.

हा रंग मात्र तात्पुरता. नक्षी कोरून तीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसविला, की पुन्हा घासण्यात तो निघून जातो. कायमचा काळा रंग येतो तो शेवटी, किल्ल्यातील माती व नवसागर पाण्यात कालवून किंचित तापविलेल्या वस्तूवर चोळल्याने. माती कोणती? जुन्या वास्तूंच्या आतली, ऊन व पाऊस न लागलेली, असे कारागीर सांगतात. ही अट अंधश्रद्धेची वाटते. ती तशी नाही. जनावरांच्या मलमूत्रातून व कुजणाऱ्या द्रव्यांतून मातीत अमोनिया येतो, आणि सूक्ष्म जंतू त्याचे रूपांतर नत्रितांत करतात. हे काम सजीवांचे आहे हे श्लेझिंग आणि म्युंत्स या फ्रेंच संशोधकांनी १८७७ साली दाखविले: वाळूतून झिरपणाऱ्या सांडपाण्यात नत्रिते तयार होत, पण क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ती क्रिया थांबे. नत्रिते पाण्यात सहज विरघळतात. उघड्यावरच्या मातीतून पाऊस ती धुऊन नेतो. छताखालच्या मातीत ती वर्षानुवर्षे साचतात. यातूनच सोरा मिळतो.

नवसागर व सोरा यांच्या लेपाने पृष्ठभागावरील जस्त झिजते, तांब्याचा अंश वर राहतो, आणि तांब्याच्या संयुगांनी युक्त असा पातळ काळा थर बसतो. शुद्ध जस्तावर असा रंग चढत नाही. चांदी या लेपाला दाद देत नाही, म्हणून ती शुभ्रच राहते. म्हणजे सोळातला तो एक भाग नसता, तर किल्ल्यातील मातीने काहीही साधले नसते. लखनौ, मुर्शिदाबाद आणि पूर्णिया येथेही बिदरी होत असे. तेथे बिदरच्या किल्ल्याची माती कोठून येणार? तिचे महत्त्व याने कमी होत नाही, उलट वाढते. कारण अशी माती पुन्हा साचण्यास लागणारा काळ मोठा आहे आणि तिचा साठा मर्यादित. २००६ साली बिदरीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, पण मातीचे संरक्षण ही निराळी बाब आहे.

हे ज्ञान शाळेत का शिरले नाही, याचे एक कारण भाषेच्या इतिहासात आहे. हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू झाले. १९१७ साली उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतर विभाग निघून शास्त्रीय परिभाषा अरबी-फारसीच्या आधाराने घडविण्यात आली. तो प्रयत्न मोठाच होता, याविषयी दुमत नसावे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याचे विभाजन झाले: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. परिभाषा पुन्हा बदलली, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना ती वेगवेगळी झाली. कारागिराचे शब्द मात्र कोणत्याही समितीने घडविलेले नव्हते. फारसी ‘नौशादर’चा मराठीने ‘नवसागर’ केला, ‘शोरा’चा ‘सोरा’. आणि ज्या निळ्या खड्याला मराठीत ‘मोरचूद’ म्हणतात, त्याला कन्नडात ‘मैलुतुत्त’ म्हणतात, संस्कृतात ‘मयूरतुत्थ’. तिन्ही भाषांना त्यात मोरच दिसला. औराद किंवा आळंदच्या मराठी वर्गात ‘कॉपर सल्फेट’ हे नाव फळ्यावर लिहिताना त्याच्या शेजारी हे दोन शब्द लिहिण्यास कोणत्याही अभ्यासक्रमाची आडकाठी नाही.