टेम्प्रानियो: हळव्या जातीचं द्राक्ष

स्पेनमधल्या रिओहा भागातली तांबडी वाइन बहुतेक वेळा टेम्प्रानियो या काळ्या द्राक्षाची असते. स्पॅनिशमध्ये ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. त्याला ‘इयो’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागला. गार्नाचा नावाचं तिथलं दुसरं द्राक्ष पिकायच्या कितीतरी आधी हे तयार होतं, म्हणून हे लाडाचं नाव. मुळाशी लॅटिनमधला काळवाचक ‘तेम्पुस’. आपल्याकडे लवकर येणाऱ्या भाताला हळवं म्हणतात, उशिराच्याला गरवं. ही द्राक्षातली हळवी जात!

मुलूख बदलला की नाव बदलतं. ला मांचात सेन्सिबेल, दुएरोकाठी तिंतो फिनो, पोर्तुगालात तिंता रोरिझ. कातालोनियात तर चक्क ‘सशाचा डोळा’. मला हेच सर्वांत आवडतं. ‘तिंतो’ही मजेशीर. स्पॅनिश माणूस या वाइनला लाल म्हणत नाही, ‘रंगवलेली’ म्हणतो.

पिकायची घाई असली तरी मुरायची नाही. रिओहात बाटलीवर ‘ग्रान रेसेर्वा’ लिहायचं तर किमान ५ वर्षं थांबायचं, त्यातली निदान २ ओकच्या पिंपात.

सोबत काय? कोवळ्या कोकराच्या चापा. द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्या पेटवायच्या, जाळ बसला की निखाऱ्यांवर जाळी ठेवून चापा भाजायच्या. वर फक्त मीठ. चरबी ठिबकते, धूर अंगी लागतो आणि त्या चरबीपुढे वाइनचा तुरटपणा नरमतो. नाहीतर चोरिसो सॉसेज घातलेला बटाट्याचा रस्सा. कोल्हापुरी तांबड्या रश्शाबरोबर मात्र मी ती घेणार नाही. तिखटानं तुरटपणा जास्तच बोचतो.