बंच, राल्फ जॉन्सन

(७ ऑगस्ट १९०४, काही नोंदींत १९०३ – ९ डिसेंबर १९७१). अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांचे वरिष्ठ अधिकारी आणि नोबेल शांतता पारितोषिकाचे (१९५०) पहिले कृष्णवर्णीय मानकरी. जन्म डेट्रॉइटचा. आईच्या निधनानंतर आजीने त्यांना लॉस अँजेलिसमध्ये वाढवले. फ्रेंच वसाहतींच्या कारभारावरील प्रबंधासाठी १९३४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. हॉवर्ड विद्यापीठात काही वर्षे अध्यापन केल्यावर ते महायुद्धकाळात सरकारी सेवेत आले. १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील विश्वस्त प्रदेशांविषयीच्या प्रकरणांच्या मसुद्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

पॅलेस्टाइनमधील अरब-इस्राएल युद्धातले संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडॉट यांची १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये ज्यू अतिरेक्यांनी हत्या केली. बंच यांना वाटेत अडवल्यामुळे ते बर्नाडॉट यांच्या मोटारीत नव्हते. मध्यस्थाचे काम मग हंगामी म्हणून त्यांच्याकडे आले. जानेवारी १९४९ मध्ये रोड्स बेटावरच्या एका हॉटेलात इजिप्त आणि इस्राएल यांची शस्त्रसंधीची बोलणी सुरू झाली. सुरुवातीला दोन्ही शिष्टमंडळे एका टेबलाशी बसायलाही राजी नव्हती. बंच प्रत्येकाशी वेगळे बोलत आणि रात्र जागून मसुद्यातले शब्द बदलत. संयुक्त बैठकीसमोर मात्र आधी ज्यावर वाद होणार नाही असेच मुद्दे ठेवत. एकत्र बसण्याची आणि कागदावर सही करण्याची सवय लागावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. शस्त्रसंधीसाठी आखलेली रेषा ही राजकीय सरहद्द मानू नये, हे कलम त्यांनी मसुद्यात घातले. हक्क न सोडता सही करण्याची वाट दोन्ही बाजूंना मिळाली ती त्यामुळे. फालुजा येथे वेढ्यात सापडलेल्या इजिप्शियन ब्रिगेडला मायदेशी परतू देण्याचे ठरले. तिच्यात गमाल अब्देल नासर हे तरुण अधिकारीही होते.

हा करार २४ फेब्रुवारीला झाला. इस्राएलचे लेबाननशी मार्चमध्ये, जॉर्डनशी एप्रिलमध्ये आणि सीरियाशी जुलैमध्ये करार झाले. सगळे श्रेय रोड्सला देणे मात्र बरोबर नाही. जॉर्डनबाबतची खरी देवघेव राजे अब्दुल्ला यांच्याशी गुप्तपणे झाली. रोड्सला फक्त सही झाली. बंच यांनी बोलण्यांची आठवण म्हणून रंगीत थाळ्या आधीच बनवून घेतल्या होत्या. करार झाला नसता तर काय केले असते, असे विचारल्यावर त्या तुमच्या डोक्यावर फोडल्या असत्या, असे ते म्हणाल्याचे सांगतात. शस्त्रसंधीचे तहात रूपांतर करणे त्यांच्या हातात नव्हते. तात्पुरत्या म्हणून आखलेल्या त्या रेषा १९६७ पर्यंत टिकल्या.

शांततेचे काम बक्षिसासाठी करायचे नसते, या भूमिकेतून नोबेल नाकारण्याचा त्यांचा विचार होता. सरचिटणीस त्रिग्वे ली यांनी तो बदलायला लावला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात साहाय्यक सचिवपदाची विचारणाही झाली होती. वॉशिंग्टनमधल्या वर्णभेदामुळे ते तिकडे गेले नाहीत. सनदेच्या १०० व्या कलमानुसार संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्याने कोणत्याही सरकारचे आदेश घ्यायचे नसतात. तरीही १९५४ मध्ये त्यांच्या देशनिष्ठेची अमेरिकेत चौकशी झाली आणि तीत ते निर्दोष ठरले. १९६५ मध्ये नागरी हक्कांसाठीच्या सेल्माच्या मोर्च्यात ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चालले.

१९५६ च्या सुएझ संघर्षानंतर उभारलेल्या शांतिसेनेच्या संघटनेत त्यांचा मोठा हात होता. काँगो (१९६०) आणि सायप्रस (१९६४) येथील मोहिमांतही ते होते. काँगोत पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्याशी त्यांचे मुळीच जमले नाही. यजमान देशाच्या संमतीवर चालणारी सेना त्या देशाने जा म्हटल्यावर किती काळ थांबू शकते, या प्रश्नाला उत्तर नव्हते. मे १९६७ मध्ये नेमके तेच झाले: इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझनंतरची ती सेना हटवायला सांगितली, ती हटू लागली आणि जूनमध्ये युद्ध झाले. गाझात त्यावेळी भारतीय शांतिसैनिकही मारले गेले. या माघारीचे बंच यांना अतोनात दुःख झाले. १९७० मधील बहारीनचा प्रश्न मात्र गाजावाजा न होता सुटला. इराणचा बहारीनवर दावा होता, म्हणून लोकांचा कौल जाणून घ्यायला दूत पाठवण्यात आला. ती सगळी आखणी बंच यांची होती. बहुसंख्य लोकांना स्वातंत्र्य हवे आहे हा त्या दूताचा निष्कर्ष सुरक्षा परिषदेने मान्य केला आणि इराणने दावा सोडला. १९७१ मध्ये प्रकृती ढासळल्याने बंच पदावरून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.