शिक्षकाचे श्रवण

वर्गात विद्यार्थी जे बोलतो, जे विचारतो, जिथे अडखळतो आणि जिथे गप्प राहतो, त्याचा अर्थ लावून त्यानुसार आपले पुढचे बोलणे बदलण्याची शिक्षकाची क्षमता. शिक्षणशास्त्रात ती संप्रेषण कौशल्यांत मोडते. मराठी शाळेत मात्र ‘श्रवण’ हा शब्द जवळजवळ कायम विद्यार्थ्याच्या वाट्याला आला आहे. श्रवण, भाषण, वाचन, लेखन या चार भाषिक कौशल्यांतले पहिले मुलाने कमवायचे, शिक्षकाने त्याची परीक्षा घ्यायची, अशी ही वाटणी आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३च्या सुमारास सुरू झालेली सूक्ष्म अध्यापनाची पद्धत पुढे आपल्या अध्यापक महाविद्यालयांतही रुजली. स्पष्टीकरण, प्रश्न विचारणे, चेतक बदल, प्रबलन, फलकलेखन अशी कौशल्ये छात्राध्यापक तीत एकेक करून घोटतो. या यादीत ऐकणे सहसा नसते. याचे कारण उघड आहे: बोलणे निरीक्षकाला दिसते, ऐकणे दिसत नाही. शिक्षकाचे ऐकणे हा स्वभावाचा किंवा मायेचा भाग नाही. ते मोजता येते, शिकवता येते आणि वर्गात कोण किती विचार करणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते, हा या नोंदीचा मुख्य मुद्दा आहे.

मोजमापाची सुरुवात बोलण्यापासूनच झाली. नेड फ्लँडर्स या अमेरिकी संशोधकाने वर्गातल्या संवादाची दर तीन सेकंदांनी नोंद घेण्याची रीत बसवली. तिच्यातले १० प्रकार बी.एड.च्या विद्यार्थ्यांना अजूनही पाठ करावे लागतात: ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि दहावा शांतता किंवा गोंधळाचा. त्यांचा दोन तृतीयांशांचा नियम प्रसिद्ध आहे. वर्गातला सुमारे दोन तृतीयांश वेळ कोणी ना कोणी बोलत असते, त्या बोलण्यातले दोन तृतीयांश शिक्षकाचे असते, आणि त्यातलेही दोन तृतीयांश व्याख्यान, सूचना किंवा टीका या स्वरूपाचे असते. नियम मोलाचा आहे. पण त्याहून बोलका आहे तो दहावा रकाना. मूल उत्तर जुळवत असताना पडलेली शांतता आणि मागच्या बाकांवरचा कल्लोळ या दोन्ही गोष्टी फ्लँडर्सनी एकाच खणात टाकल्या. शिक्षकाच्या ऐकण्याला तर रकानाच नाही. विद्यार्थ्याची कल्पना स्वीकारून ती पुढे वापरणे, या तिसऱ्या प्रकारात त्याची काय ती खूण उमटते.

त्या दुर्लक्षित शांततेला घड्याळ लावले मेरी बड रो यांनी. विज्ञानाच्या तासांच्या शेकडो ध्वनिफिती ऐकून १९७०च्या दशकात त्यांनी दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतो. तेवढ्यात हात वर झाला नाही, तर तो प्रश्न पुन्हा विचारतो, दुसऱ्याकडे वळतो किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. रो यांनी थांबण्याच्या दोन जागा वेगळ्या काढल्या: एक प्रश्नानंतरची आणि दुसरी मुलाच्या उत्तरानंतरची. या दोन्ही ठिकाणी तीन सेकंद किंवा थोडे अधिक थांबल्यावर उत्तरांची लांबी कित्येक पटींनी वाढली, ‘माहीत नाही’ म्हणणे घटले, मुले आपणहून बोलू लागली आणि एकमेकांच्या उत्तरांवरही बोलू लागली. यातली दुसरी जागा अधिक महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच हातची निसटते. मूल पहिले वाक्य संपवून श्वास घेते. त्या श्वासात ‘शाब्बास’ किंवा ‘बस खाली’ आले, की दुसरे वाक्य, म्हणजे बहुधा कारण सांगणारे वाक्य, आतच राहते. घाईचे कौतुकही तोंड बंद करू शकते, हे प्रबलनाचे धडे गिरवणाऱ्यांना सहज पटत नाही. हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी शिक्षक अधिक थांबतो आणि कच्च्या समजल्या गेलेल्यांसाठी कमी, हेही रो यांना आढळले. ज्याला वेळेची गरज जास्त, त्याच्याच वाट्याला तो कमी येतो.

ही घाई शिक्षकाच्या दुर्लक्षातून येत नाही, वर्गातल्या संवादाच्या घडणीतून येते. जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कुल्थार्ड यांनी १९७५मध्ये इंग्लंडमधल्या वर्गांचे संभाषण तपासून तीन पावलांचा साचा मांडला: शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर, शिक्षकाचा शेरा. ह्यू मेहान यांनी १९७९मध्ये हाच साचा अमेरिकी वर्गात दाखवला आणि एक साधी तुलना केली. रस्त्यात कोणाला ‘किती वाजले?’ विचारले आणि उत्तर मिळाले, तर आपण आभार मानतो; वर्गात मात्र ‘अगदी बरोबर’ म्हणतो. कारण वर्गात विचारणाऱ्याला वेळ आधीच ठाऊक असते. उत्तर ठाऊक असलेला माणूस ऐकत नाही, पडताळतो. आपल्याकडे या साच्याची सर्वांत आखूड आवृत्ती रोज ऐकू येते. “समजलं का?” “होऽऽ बाई!” चाळीस मुलांच्या एका सुरातल्या या ‘हो’मधून कोणाला काय समजले, याविषयी काहीच कळत नाही. तरीही तास पुढे सरकतो, कारण साचा पूर्ण झालेला असतो.

पडताळणे आणि ऐकणे यांतला फरक गणितात सर्वांत स्वच्छ दिसतो. ब्रेंट डेव्हिस या कॅनडातल्या अभ्यासकाने १९९७मध्ये गणित शिक्षकाच्या ऐकण्याचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात शिक्षक फक्त बरोबर-चूक पाहतो. दुसऱ्यात मुलाने कसा विचार केला, हे जाणून घेतो. तिसऱ्यात मुलासोबत स्वतःही प्रश्नाचा नव्याने शोध घेतो. समजा, ४२ वजा १७ या उदाहरणाचे उत्तर एका मुलीने ३५ लिहिले. पहिल्या प्रकारचा शिक्षक म्हणेल, “हातचा विसरलीस.” दुसरा विचारेल, “कसं काढलंस, सांग बरं.” ती सांगेल, “सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन.” म्हणजे हातचा विसरण्याचा प्रश्नच नव्हता. मोठ्यातून लहान वजा करायचे, हा नियम तिने प्रामाणिकपणे पाळला होता. वरची संख्या कोणती आणि खालची कोणती, याला तिच्या लेखी महत्त्व नव्हते. ‘हातचा घे’ असे दहा वेळा सांगूनही तो नियम हलणार नाही, कारण तिला हातच्याची गरजच भासलेली नाही. ४२ रुपये हातात देऊन १७ रुपये मागितले, तर ती दहाची एक नोट मोडून आणेल आणि तिथून हातच्याची ओळख करून देता येईल.

मराठी अंकनामांचेही असेच आहे. ‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहिते, ते कानाला इमानी राहून: आधी पाच ऐकले, मग वीस. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्या कारकिर्दीत दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस पाच’ ही वाचनपद्धती रूढ नावांच्या जोडीला आली आणि २०१९मध्ये तिच्यावर विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. ती पद्धत चांगली की वाईट, यावर मतभेद असू शकतात. पण तिचा उगम मुलांच्या चुकांकडे कान देण्यात होता, ही गोष्ट त्या चेष्टामस्करीत हरवली.

भाषेच्या तासाला ऐकणे आणखी नाजूक होते. खानदेशातल्या वर्गात मूल म्हणते, “मना बाप वावरमा गया.” शिक्षकाची सवयीची प्रतिक्रिया असते, “‘माझे वडील शेतात गेले’ असं म्हण.” इथे मुलाने दिलेली बातमी ऐकलीच गेली नाही, फक्त तिचे कपडे तपासले गेले. यावर आक्षेप असा, की प्रमाण मराठी शिकवणे हे शाळेचे कामच आहे, आणि ते टाळणे हा मुलावरच अन्याय आहे. आक्षेप रास्त आहे. पण प्रश्न प्रमाणभाषा शिकवायची की नाही हा नाही, ती कोणत्या क्षणी आणायची हा आहे. “हो का? शेतात काय पेरलंय यंदा?” असे विचारले, तर बातमी पोहोचल्याची पावती मिळते, ‘शेत’ हा शब्दही कानावर पडतो आणि मूल दुसरे वाक्य बोलते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात वारली मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांच्या न येण्यालाही त्यांनी उत्तर मानले. मूल बोलत नसले, तरी त्याचे ऐकायला जावे लागते, याचा याहून ठळक दाखला मराठी शिक्षणविश्वात क्वचितच मिळेल.

नेहमी पुढे येणारा आक्षेप वेळेचा आणि पटाचा. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. तरी बऱ्याच वर्गांत पट त्याहून मोठा असतो आणि छोट्या गावांत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो. अशा वेळी प्रत्येकाचे ऐकत बसलो, तर अभ्यासक्रम कसा संपायचा? हिशोब मांडून पाहावा. ३५ मिनिटांच्या तासात २० प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्नानंतर व त्याच्या उत्तरानंतर दोन-दोन सेकंद जास्त थांबले, तर खर्च होतो ८० सेकंद. हजेरीला याहून जास्त वेळ जातो. शिवाय प्रत्येक मुलाचे प्रत्येक वाक्य ऐकणे अपेक्षितच नाही. एका मुलीने सांगितलेली वजाबाकीची रीत वर्गातल्या आणखी सात-आठ जणांची असते. एकीचे नीट ऐकले, की तितक्यांची दुरुस्ती एकदम होते. पट मोठा असल्याने ऐकणे कठीण होते, यात शंका नाही. पण मोठ्या पटात न ऐकता शिकवणे सोपे असते, हा भासच आहे. न ऐकण्याची किंमत पुढच्या इयत्तेचा शिक्षक मोजतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे: थांबणे सगळीकडे उपयोगी नसते. खरेच नसते. केनेथ टोबिन यांच्या १९८७च्या आढाव्यातही थांबण्याचा लाभ विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांशी जोडलेला आहे. सात आठे किती, याला तीन सेकंदांची गंभीर शांतता देणे हास्यास्पद ठरेल. रॉबिन अलेक्झांडर यांनी २०००मध्ये भारत, इंग्लंड, फ्रान्स, रशिया आणि अमेरिका या पाच देशांतल्या प्राथमिक वर्गांची तुलना प्रसिद्ध केली. वर्गातल्या बोलण्याच्या प्रकारांत घोकंपट्टीलाही त्यांनी जागा ठेवली, आणि भर दिला तो शिक्षकाजवळ एकाहून अधिक प्रकार असण्यावर. त्यांच्या संवादी अध्यापनाची इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली. २०१७मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार नऊ-दहा वर्षांच्या मुलांची इंग्रजी आणि विज्ञानात सुमारे दोन महिन्यांची, गणितात सुमारे एका महिन्याची जादा प्रगती झाली. हा परिणाम डोळे दिपवणारा नाही; पण वर्ग, पुस्तके आणि मुले तीच ठेवून मिळाला आहे.

गुरूने सांगावे आणि शिष्याने ऐकावे ही आपली परंपरा, असेही म्हटले जाते. श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमात श्रवण शिष्याचेच आहे, हे खरे. पण त्याच परंपरेत ‘प्रश्न’ हे नाव धारण करणारे उपनिषद आहे. त्यात सहा जण पिप्पलादाकडे येतात, आणि तो ज्याला जे विचारायचे आहे त्याचे उत्तर देतो. त्याआधी तो त्यांना वर्षभर थांबवतो, ही गोष्ट वेगळी. रो यांना तीन सेकंद पुरले होते.

प्रशिक्षण वर्गांत मात्र अजूनही एक आकडा हमखास फिरतो: संप्रेषणात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, उरलेले ९३ टक्के आवाज आणि हावभाव. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७चे ते प्रयोग भावना आणि आवड-नावड व्यक्त करण्यापुरते, तेही सुटे शब्द घेऊन केलेले होते. सर्व संप्रेषणाला ते लागू नाहीत, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. अपूर्णांक समजावताना ९३ टक्के काम हातवारे करत नाहीत. या आकड्याने शिक्षकाचे लक्ष पुन्हा स्वतःच्या सादरीकरणाकडे वळते, हे त्याचे खरे नुकसान.

कानाला ऐकू येणे ही तर पहिली अट. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तासाच्या वेळी वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. पत्र्याखाली भरणाऱ्या कोकणातल्या वर्गात जुलै महिन्यात हे शक्य नाही, आणि त्याची जबाबदारी शिक्षकावर टाकता येत नाही.

पाठाच्या टाचणात ‘शिक्षककृती’ आणि ‘विद्यार्थिकृती’ असे दोन रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’ हे वाक्य छात्राध्यापक सरावाने लिहितो. पहिल्या रकान्यात ‘ऐकतो’ हे क्रियापद सहसा सापडत नाही.