कमी तापमानाचे ज्वलन : इंधन कधी फवारावे, यावर ठरते धुराचे प्रमाण

डिझेल इंजिनाच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळी ही दोन प्रमुख प्रदूषके एकाच उपायाने सहसा कमी होत नाहीत. एक घटवावे तर दुसरे वाढते. हा पेच धूर बाहेर पडल्यावर नव्हे, तर सिलिंडरमध्येच सोडवण्याच्या प्रयत्नांना ‘कमी तापमानाचे ज्वलन’ असे म्हटले जाते. इंधन कोणत्या क्षणी, किती आणि किती टप्प्यांत फवारायचे, हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न आहे.

पेचाचे मूळ

नेहमीच्या डिझेल इंजिनात पिस्टन वरच्या टोकाजवळ आलेला असताना, दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन फवारले जाते आणि हवेत पुरते मिसळण्याआधीच ते पेटते. फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन जास्त व ऑक्सिजन कमी असल्याने तेथे काजळी तयार होते. ज्योतीच्या कडेला तापमान सुमारे १,९०० अंश सेल्सियसच्या वर गेल्यास हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजनचा संयोग वेगाने होतो. तापमान उतरवले, तर तयार झालेली काजळी जळून जाण्याचे प्रमाण घटते.

उपायाची दिशा

पेट घेण्यापूर्वी इंधन व हवा एकजीव होऊ द्यायची आणि धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडायचा, असा हा दुहेरी उपाय आहे. पहिल्याने काजळी टळते, दुसऱ्याने तापमान आटोक्यात राहते. जपानमध्ये शिगेरू ओनिशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पेट्रोलवरील टू-स्ट्रोक इंजिनात ठिणगीविना एकसंध ज्वलनाचा प्रयोग मांडला. डिझेलबाबत पुढे दोन वाटा निघाल्या. टोयोटाने इंधन बरेच आधी फवारण्याचा मार्ग धरला, तर निसानने पिस्टन वरच्या टोकाशी पोहोचल्यानंतर उशिरा फवारण्याचा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉल्फ राइट्झ यांच्या गटाने दोन इंधनांची पद्धत विकसित केली. तीत पेट्रोल हवेबरोबर आत येते, सहज पेटणारे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि इंजिनावरील भारानुसार दोहोंचे प्रमाण बदलते.

नव्या अडचणी

फवारणी आणि पेट यांच्यातील अंतर वाढले की पेट नेमका केव्हा घेतला जाईल, यावरील थेट ताबा सुटतो. भार जास्त असताना सारे मिश्रण एकदम पेटून सिलिंडरमधील दाब झपाट्याने वाढतो. भार कमी असताना पेट अपुरा राहतो. फार लवकर फवारलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवर बसून वंगणतेलात मिसळते. शिवाय तापमान कमी असल्याने अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड वाढतात आणि बाहेर पडणारा धूर थंड असल्याने त्यांचे शुद्धीकरण करणारा उत्प्रेरकही पूर्ण क्षमतेने काम करीत नाही. एकाच आवर्तनात अनेक छोट्या फवाऱ्या देऊ शकणाऱ्या कॉमन रेल प्रणालीमुळे यातील काही अडचणी सुसह्य झाल्या आहेत.

भारतासाठी महत्त्व

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनी डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा प्रति किलोमीटर २५० वरून ८० मिलिग्रॅमवर, तर कणरूप प्रदूषणाची २५ वरून ४.५ मिलिग्रॅमवर आणली. ही मर्यादा गाठण्यासाठी प्रामुख्याने काजळी अडवणारे फिल्टर, उत्प्रेरक आणि अनेक वाहनांत युरियाचे द्रावण वापरले जाते. त्यांची किंमत व देखभालीचा भार अखेर वाहनधारकावर पडतो. प्रदूषण सिलिंडरमध्येच रोखता आले, तर हा भार हलका होऊ शकतो. मात्र सर्व भारांवर आणि सर्व वेगांत ज्वलन नियंत्रित ठेवणे साधेपर्यंत ही यंत्रणा वगळता येणार नाही. पेट्रोलच्या बाबतीत माझ्दाने २०१९ मध्ये ठिणगीच्या साहाय्याने दाबप्रज्वलन नियंत्रित करणारे इंजिन बाजारात आणले. तेही गरजेनुसार नेहमीच्या ज्वलनाकडे वळते.