श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार

श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार हा आंतरजालावरील अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयीचा भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील एक महत्त्वाचा खटला आहे. न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन फली नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी या खटल्याचा निकाल दिला आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. निकालपत्र न्या. नरिमन यांनी लिहिले.

पार्श्वभूमी

कलम ६६-अ हे २००८ च्या दुरुस्तीने अधिनियमात समाविष्ट झाले व २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आले. संगणक किंवा संचार साधनाद्वारे अत्यंत आक्षेपार्ह वा धमकीवजा मजकूर पाठवणे हा त्यानुसार गुन्हा होता. त्रास, गैरसोय किंवा अपमान करण्याच्या हेतूने, खोटी असल्याचे ठाऊक असलेली माहिती सातत्याने पाठवणे हाही गुन्हा होता. त्यासाठी तीन वर्षांपर्यंतचा कारावास व दंड अशी शिक्षा होती. गुन्हा दखलपात्र असल्याने पोलिसांना अधिपत्राविना अटक करता येत असे. मात्र 'त्रास', 'गैरसोय' यांसारख्या शब्दांची व्याख्या अधिनियमात नव्हती.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत व्यवहार बंद राहिले. त्यावर प्रश्न उपस्थित करणारा मजकूर फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघर येथील एका तरुणीला आणि तो मजकूर पसंत केल्याची खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. पुढे हे प्रकरण बंद करण्यात आले. या घटनेनंतर श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. इतर याचिकाही तिच्यासोबत सुनावणीस आल्या.

निकाल

संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्यासाठी आठ कारणे दिलेली आहेत. कलम ६६-अ त्यांपैकी एकाही कारणात बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असा भेद केला. एखाद्या मताची चर्चा किंवा पुरस्कार कितीही अप्रिय असला, तरी तो चिथावणीच्या पातळीवर पोहोचेपर्यंत निर्बंधास पात्र ठरत नाही. एकाच मजकुराबाबत न्यायाधीशांचेही निष्कर्ष भिन्न होऊ शकतात, हे इंग्लंडमधील खटल्यांच्या आधारे दाखवून, अशा संदिग्ध शब्दांवरून नागरिकाने गुन्ह्याची सीमा कशी ओळखावी, असा प्रश्न न्यायालयाने विचारात घेतला. कलमाचा गैरवापर होऊ देणार नाही, ही शासनाची हमी अपुरी ठरली. कारण ती पुढील शासनावर बंधनकारक नसते, कायदा मात्र टिकून राहतो.

आंतरजाल हे मुद्रणाहून वेगळे माध्यम असल्याने त्यासाठी स्वतंत्र गुन्हे निर्माण करता येतात, हे मात्र न्यायालयाने मान्य केले.

इतर तरतुदी

संकेतस्थळांवरील मजकूर रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९-अ वैध ठरले. कारण त्यात कारणे लेखी नोंदवणे व समितीकडून छाननी अशी संरक्षणे आहेत. कलम ७९ चा अर्थ मर्यादित करण्यात आला. त्यानुसार न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळाल्यावरच मजकूर हटवण्याची जबाबदारी समाजमाध्यमांसारख्या मध्यस्थांवर येते. केवळ खाजगी तक्रार त्यासाठी पुरेशी नाही. केरळ पोलीस अधिनियमाचे कलम ११८(ड) हेही रद्द झाले.

निकालानंतर

रद्द झालेल्या कलमाखाली अनेक वर्षे गुन्हे नोंदवले जात राहिले. अधिनियमाच्या छापील प्रतींत मूळ कलम कायम असे आणि ते रद्द झाल्याची नोंद केवळ तळटीपेत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती उच्च न्यायालये व पोलीस यंत्रणेपर्यंत पोहोचवण्याचे निर्देश दिले. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना या कलमाखाली गुन्हे न नोंदवण्यास कळवले. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने, या कलमाखाली कोणाही नागरिकावर खटला चालवता येणार नाही, असा आदेश दिला आणि प्रलंबित प्रकरणांतून त्याचा उल्लेख वगळण्यास सांगितले.