नऊ वर्षांचा देव आणि त्याच्या नावावरचा सूड

दोस्तहो, जुन्या मिसरच्या पुराणात एक पोर आहे. नाव होरस. त्याचा बाप ओसायरिस राजा होता. सख्ख्या भावानं, सेथनं, त्याला मारलं आणि गादी बळकावली. आई इसिस पोराला घेऊन नाईलच्या मुखाकडच्या दलदलीत लपली. पोर देव, पण अंग लेकराचं. विंचू डसतो, विष चढतं, आई आकांत करते. त्याला जगवायचं ते एकाच गोष्टीसाठी. मोठं होऊन त्यानं बापाचा सूड घ्यायचा आणि गादी परत आणायची.

ही गोष्ट देवळापुरती नव्हती, तिच्यावर राज्य चालायचं. मिसरच्या गादीवर बसेल तो जिवंत होरस. मेला की तोच ओसायरिस, आणि वारस पुन्हा होरस. म्हणजे राजा मरतच नाही. अंग बदलतं, देव तोच. एकदा हे लोकांच्या डोक्यात बसलं की धान्याचा वाटा देवाचा, वेठही देवाचीच. मग जाब कुणाला विचारायचा?

इ.स.पू. १३३२ च्या सुमाराला हा होरस आठ-नऊ वर्षांचा होता. तुतांखामून. त्याच्या थडग्यात लहान मुलाला बसता येईल एवढीशी खुर्ची सापडली. त्याच थडग्यातल्या चपलांच्या तळव्यावर हात बांधलेले कैदी चितारलेत, एक काळा आफ्रिकी, एक आशियाई. राजानं पाऊल टाकलं की दुश्मन पायाखाली. देवाला दुश्मन लागतोच. नसेल तर चपलेवर काढावा लागतो.

पण या पोराचा खरा सूड वेगळ्याच जागी घेतला गेला. त्याचं जन्माचं नाव होतं तुतांखातेन. २०१० सालच्या डीएनए तपासणीनंतर बहुतेक अभ्यासक मानतात की त्याचा बाप अखेनातेन. या राजानं आमून देवाची देवळं बंद केली, भिंतींवरचं आमूनचं नाव छिन्नीनं उडवलं, पुरोहितांची दौलत आटवली. एकच देव मानायचा, सूर्याचं बिंब, आतेन. त्याच्यासाठी वाळवंटात नवी राजधानी उठवली. आज त्या जागेला अमार्ना म्हणतात.

इथं आपल्यातल्या कुणाला वाटेल, वा! राजानं भटशाही मोडली, क्रांतिकारकच म्हणायचा. जरा थांबा. अमार्नाच्या उत्तरेकडच्या थडग्यांजवळ एक साधी दफनभूमी आहे. २०१५ साली तिथं खोदकाम झालं. तपासलेल्या १०५ सांगाड्यांत बहुतेक ७ ते २५ वर्षांचे, आणि त्यांतही १५ च्या आतलेच जास्त. म्हातारं माणूस जवळपास नाही, तान्हं बाळही जवळपास नाही. म्हणजे हे गावाचं मसण नव्हे, कामावर आणलेल्या पोरांचं. कोवळ्या वयात पाठीचे मणके मोडलेले, सांधे झिजलेले. एकेका खड्ड्यात दोन-दोन, तीन-तीन देह, सोबत मडकं-मणी जवळपास काहीच नाही. नव्या देवाच्या नगरासाठी या पोरांनी ओझी वाहिली असणार, असं अभ्यासक म्हणतात. अखेनातेननं देव एक केला, भाकरी एक केली नाही. पुरोहित हटले, वेठ राहिली. आणि त्याच नगरात त्याच काळात दुसरं एक पोर देव म्हणून वाढत होतं.

बाप मेल्यावर काही वर्षांनी हे पोर गादीवर आलं. कारभार म्हाताऱ्या आयच्या आणि सेनापती होरेमहेबच्या हाती. पोराचं नाव बदललं. आतेन गेला, आमून आला. राजधानी सोडली. कर्नाकच्या देवळात १९०५ साली सापडलेल्या एका शिळेवर त्याच्या नावानं हुकूम कोरलाय. मजकूर असा, की देवळं ओस पडली होती, त्यांत गवत माजलं होतं, देव हाकेला ओ देत नव्हते. आता राजानं सोन्याच्या मूर्ती घडवल्या. पुरोहित नेमले ते गावोगावच्या नामवंतांची पोरं बघून. देवळांना दास-दासी दिले, वाड्यावरच्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायाही देऊन टाकल्या.

पुराणातला होरस बापासाठी सूड घेतो. इथं पुरोहितांनी बापावरचा सूड पोराच्याच हातानं घेतला. नऊ वर्षांच्या लेकराला काय कळणार? त्याचं तोंड देवाचं आणि बोली दुसऱ्याची.

पोरगं अठरा-एकोणीस वर्षांचं होऊन मेलं. हाडांत मलेरियाच्या खुणा आहेत. थडग्यात १३० च्या आसपास काठ्या आहेत. मेलेल्या राजाचं तोंड उघडायचा विधी वारसानं करायचा, म्हणजे होरसनं. थडग्याच्या भिंतीवर तो विधी करताना म्हातारा आय उभा आहे. होरस आता तो झाला. त्याच्यानंतर होरेमहेब. त्यानं पोराच्या शिळेवरचं नाव खोडून आपलं घातलं. पुढं अबायडोसच्या देवळात राजांची यादी कोरली, तिच्यात बापही नाही आणि पोरगंही नाही. नाव गेलं की माणूस दुसऱ्यांदा मेला, असं तिथली माणसं मानायची. अमर देवाची ही गत.

मग ४ नोव्हेंबर १९२२. हॉवर्ड कार्टरच्या मिसरी मजुरांना थडग्याची पहिली पायरी लागली. ती पाणी वाहणाऱ्या एका पोराला दिसली, असं सांगतात. आत पाच हजारांवर वस्तू. सर्वांत आतली शवपेटी ११० किलो सोन्याची. पैसा लावणारा लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ ला कैरोत वारला. डास चावलेली जागा चिघळली, रक्तात विष भिनलं, न्यूमोनिया झाला. बातमीचा मक्ता त्यानं लंडनच्या 'टाइम्स'ला दिला होता. बाकीची वर्तमानपत्रं उपाशी. त्यांनी शाप छापला. पोर-राजा जागा झाला, सूड घेतोय! थडग्यात असला शाप कुठंच कोरलेला नाही. १९२५ साली कार्टरच्या माणसांनी राळेत चिकटलेला त्याचा देह सुऱ्यांनी तोडून पेटीतून काढला. कार्टर त्यानंतर १३ वर्षांहून जास्त जगला. २००२ साली एका डॉक्टरानं थडग्याशी संबंध आलेल्या गोऱ्यांची वयं तपासली. शापाचा पत्ता लागला नाही.

शापाची गोष्ट अजून विकली जाते. पण त्या १०५ सांगाड्यांच्या शापावर कुणी सिनेमा काढला? सूड घ्यायचा हक्कसुद्धा सोन्याच्या पेटीत निजलेल्यालाच!

त्या थडग्यात ४१३ बाहुल्या होत्या. मेल्यावर त्या दुनियेत शेतावर राबायची पाळी आली तर देवाऐवजी यांनी 'हजर' म्हणून उठायचं. ३६५ कामगार, वर्षाचा एक-एक दिवस एकेकाचा. त्यांच्यावर ३६ मुकादम. त्या मुकादमांवर आणखी १२. आमच्या गिरणीतलं हजेरीबुक काय वेगळं असतं? मेल्यावरही देवाला पाळीवर जायचं नव्हतं, आणि बाहुलीलाही मुकादमाशिवाय सोडायचं नव्हतं.

पण जिवंत माणूस बाहुली नसतो. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती डेअर अल्-मदिना इथं होती. मजुरी धान्यात. तुतांखामूननंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, रामसेस तिसऱ्याच्या २९ व्या वर्षी, धान्य थकलं. कारागिरांनी हत्यारं ठेवली, नाके ओलांडले आणि देवळामागं जाऊन बसले. भूक लागलीय, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, राजाला कळवा. आमेननाख्त नावाच्या लेखनिकानं हे पापीरसवर टिपून ठेवलं. इतिहासात लिहून ठेवलेला हा सर्वांत जुना संप. देव-राजाच्या अधिकाऱ्यांना थकलेलं धान्य द्यावं लागलं. शाप कुणी दिला नाही. माणसं उठली आणि बसली, एवढंच.

याच वस्तीतल्या माणसांनी पुढं रामसेस सहाव्याच्या थडग्याच्या कामाला दरीत झोपड्या घातल्या. त्या नेमक्या तुतांखामूनच्या दाराच्या वर. चोरांना तीन हजार वर्षं दार दिसलं नाही ते त्या झोपड्यांमुळं आणि दगडांच्या ढिगामुळं. कार्टरनं झोपड्या उपसल्या, सोनं काढलं, आणि जग सोनं बघत बसलं.

दोस्तहो, उद्या कुणी लेकराच्या डोक्यावर मुकुट ठेवून म्हणेल, हा देव, याचा सूड तो तुमचा सूड. तेव्हा आधी बघा, त्याचं तोंड कोण उघडतंय. मग आपापल्या धान्याचा हिशेब मागा.