औषधाची वेळ आणि अन्नाची वेळ

औषध किती द्यायचं, हे आपण विचारतो. कधी द्यायचं, हे क्वचितच. आज त्या ‘कधी’चा इतिहास पाहू.

सुरुवात पक्ष्यांपासून झाली. लांबच्या प्रवासाआधी पक्षी अंगात चरबी साठवतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत आल्बर्ट मायर यांनी अशा स्थलांतरी पक्ष्यांना प्रोलॅक्टिन हे हार्मोन टोचून पाहिलं. हार्मोन तेच, दिवसाच्या एका वेळी टोचलं की चरबी वाढे, दुसऱ्या वेळी वाढत नसे. त्याच वाटेने पुढे ब्रोमोक्रिप्टीन हे जुनं औषध मधुमेहाकडे वळलं. २००९मध्ये तिथे टाइप २ मधुमेहासाठी त्याला मान्यता मिळाली, ती अटीसह: सकाळी उठल्यापासून दोन तासांच्या आत घ्यायचं. वजन त्याने फारसं उतरत नाही, साखर थोडी आटोक्यात येते.

वैशेषिकांनी काळाला सर्व कार्यांचं साधारण कारण मानलं. इथे तो असाधारण कारण ठरतो!

वेळेचा हाच प्रश्न जव्हार-मोखाड्यात वेगळ्या रूपात येतो. १९९२मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली. तिथे लठ्ठपणाचं काय, असं वाटेल. पण १९९३पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. पुण्यातल्या नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही लंडनच्या बाळांपेक्षा जास्त आढळलं. म्हणजे इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीराची तयारी पोटातच सुरू होते. आजचं उपाशी पोट आणि उद्याचा मधुमेह ही एकाच घरातली दोन दुखणी आहेत.

२०१५पासून राज्याची अमृत आहार योजना आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून, बाळंतपणानंतर काही महिने. चांगलंच आहे. पण बाळाचे अवयव त्याआधीच घडलेले असतात. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. त्यातल्या गर्भवतीचे पहिले महिने वीटभट्टीवर गेले, तर शेवटच्या तिमाहीचं ताट ते भरून काढील का?

आम्हाला वाटतं, इथे वेळेवर द्यायची पहिली मात्रा गोळीची नाही. ती मुलीच्या ताटातली भाजी, दूध आणि डाळ आहे, तिच्या लग्नाच्याही आधीपासून. आता तुमचे प्रश्न घेऊ.